आई-वडील सोडून तुम्हाला जीव लावणारी दोन मोठी माणसं, आठवतात का?

कंग्राळीची_लेक

गेल्या महिन्यात पोराच्या शाळेत पालकसभा झाली. चौथीत आहे. बाईंनी त्याआधी मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली होती: काही बिनसलं तर कुठल्या मोठ्या माणसाला सांगशील? ज्याची चिठ्ठी त्याच्याच पालकाच्या हातात, वर्गात वाचून दाखवणं वगैरे काही नाही. माझ्या हातात आली तिच्यावर दोनच नावं. 'आई' आणि 'दुकानातले अज्जा'.

बाबांचं नाव नव्हतं. त्यावरून घरी झालं ते झालं, तो वेगळा धागा होईल. मी अडकले ती दुसऱ्या नावावर. आमच्या गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान आहे, तिथले हे म्हातारे मालक. दहा वर्षं मी तिथून सामान आणते. "अर्धा किलो रवा" आणि "सुट्टे नाहीत हो" यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलेलं नाही. आणि माझा पोरगा बिनसलं की त्यांना सांगणार!

खोटं कशाला बोलू, आधी पोटात गोळाच आला. रोज जे वाचतो त्यानं तो येतोच. मग थोडं वाईट वाटलं, की काका, मामी, आत्या एवढी माणसं असताना हे कसं. मग आठवलं, आमच्या पतसंस्थेत एकदा एक समुपदेशक बाई बोलायला आल्या होत्या, त्यांनी असलंच काही सांगितलं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल सात गोष्टी विचारल्या. घरी मनातलं बोलता यायचं का. कठीण वेळेला घरचे पाठीशी उभे राहिले का. गावातल्या सणा-रीतींत भाग घेताना मजा यायची का. हायस्कुलात 'मी इथलाच' असं वाटायचं का. मित्रमैत्रिणींचा आधार होता का. आई-वडील सोडून निदान दोन मोठी माणसं मनापासून दखल घेणारी होती का. आणि घरात एखाद्या मोठ्या माणसापाशी सुरक्षित वाटायचं का. ज्यांची सहा-सात उत्तरं 'हो' आली त्यांच्यात मोठेपणी नैराश्य बरंच कमी दिसलं, असं काहीतरी होतं.

मी रात्री पडल्या पडल्या स्वतःलाच विचारत गेले आणि सहाव्या प्रश्नाला अडखळले. दोन? माझी दोन कोण?

एक पक्कं आहे. मी हायस्कूलला बेळगावात जायचे तेव्हा सकाळच्या बसला एक कंडक्टर असायचे. कन्नड माणूस, मराठी मोडकं. परीक्षेच्या दिवसांत बस सोडायच्या आधी ते आम्हा मुली मोजायचे. एक कमी असली तर शिट्टी तोंडात धरून रस्त्याकडं बघत थांबायचे आणि आतले लोक ओरडायला लागले की म्हणायचे, "परीक्षा आहे की तिची." गणिताचा पेपर माझा वाईट गेला होता, ते परतीच्या बसमध्ये त्यांनी तिकीट फाडता फाडता तोंडावरून ओळखलं. घरी ओळखलं नव्हतं.

दुसरं नाव अजून सापडत नाहीये. तुमची सांगा.

शहापूर_गल्ली

आमच्या गल्लीत दोन काय, वीस निघतील! दिवाळीचा किल्ला करताना कोण आई-बाप आणि कोण परका? माती कुणाच्या परसातली, दगड कुणाच्या पायाच्या खड्ड्यातले, मोहरी कुणाच्या आईच्या डब्यातली. माग चालवणारे एक काका रात्रपाळी करून यायचे आणि झोपायच्या आधी तासभर आमच्याबरोबर बुरूज लिंपायचे. शिवजयंतीच्या चित्ररथात पोरांना मावळे करायचे, तेव्हा फेटे बांधायला रांग लागायची. बेळगावात आपल्या संस्कृतीनं हे सात प्रश्न कधीच सोडवलेत. अमेरिकेनं सांगायची गरज नाही.

मळेकरीण

@शहापूर_गल्ली, मावळे म्हणजे मुलगे. आम्ही मुली किल्ल्याला पाणी आणून द्यायचो आणि चित्ररथ माडीवरून बघायचो. 'सणात मजा यायची का' याला माझं उत्तर अर्धं 'हो'.

शहापूर_गल्ली

ताई, आता मुली पण असतात की. लेझीम पथक मुलींचंच आहे.

मळेकरीण

आहे, मान्य. आणि मागून येणाऱ्या डीजेनं छातीत धडधडतं म्हणून माझी भाची कानात कापूस घालून नाचते तेही मान्य.

आकडेमोड

धागाकर्तीनं सांगितलेला अभ्यास २०१९ साली छापून आला. माहिती २०१५ची, ६,१८८ प्रौढांची. सहा-सात 'हो' असलेल्यांत नैराश्य किंवा खराब मानसिक आरोग्य असण्याची शक्यता शून्य ते दोन 'हो' असलेल्यांपेक्षा ७२ टक्क्यांनी कमी निघाली. तीन ते पाच 'हो' असलेल्यांत साधारण ५० टक्क्यांनी. इथं 'शक्यता' म्हणजे संख्याशास्त्रातला ऑड्स, त्यामुळे "शंभरातली ७२ माणसं वाचली" असा अर्थ कुणी काढू नका.

महत्त्वाचं हे, की त्यांनी लहानपणीचे वाईट अनुभव, म्हणजे मारहाण, घरातलं व्यसन, आई-वडिलांची ताटातूट वगैरे हिशोबात धरूनही हा फरक राहिला. वाईट अनुभवांचा मोठा अभ्यास त्याच्या आधीचा, १९९८चा, सॅन दिएगोतला, साडेनऊ हजार लोकांचा. वाईट जितकं जास्त तितके मोठेपणी आजार जास्त, हे त्यात दिसलं होतं. नंतरच्यानं दाखवलं की दुसरं पारडं वेगळं तोलावं लागतं. वाईट घडलं नाही म्हणजे चांगलं घडलंच असं नसतं, आणि वाईट घडलं म्हणून चांगल्याची जागा संपते असंही नसतं.

दोन खोड्या मात्र आहेत. एक, हे आठवणीवर चालतं, आणि आज निराश असलेल्याला लहानपणही काळंच आठवू शकतं. दोन, सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे. पण हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे संशोधक चाळीस वर्षं राहिले. तिथं आठवणीचा घोळ कमी. गरिबी, भांडणं, आजार अशा घरांतली जी मुलं होती त्यांतली साधारण एक तृतीयांश धडधाकट, मायाळू माणसं झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा एक तरी टिकून राहिलेलं मोठं माणूस होतं. आजी, शेजारी, शिक्षक, कुणीही.

पुण्यातला_बेळगावकर

काय सुंदर विषय! वाचताना कुंद्याची चव जिभेवर आली. माझ्या डोक्यात एक कल्पना आहे: सीमाभागातल्या मुलांना मार्गदर्शकांशी जोडणारं ॲप. मुलानं प्रोफाइल भरायचं, आम्ही बाहेर गेलेले लोक महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करणार. कुणी साथ देईल का?

मळेकरीण

महिन्यातून एकदा कॉल करणारे आमच्याकडं आधीच आहेत हो. त्यांना मामा म्हणतात.

पुण्यातला_बेळगावकर

:-) घेतलं.

मास्तर_खानापूर

मी जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीत सरकारी मराठी शाळेत आहे. उशिरा लिहितोय, कारण इथं रेंज शोधायला टेकाडावर जावं लागतं.

आमच्याकडे पहिली ते तिसरी एकाच खोलीत. नली-कली, म्हणजे खेळत-शिकत जायची पद्धत, जी १९९५मध्ये म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. पोरं गटागटानं जमिनीवर बसतात, कार्डं घेतात, अभ्यासाच्या शिडीवरच्या आपल्या पायरीवर काम करतात. एक गट माझ्याजवळ, एक थोडी मदत लागणारा, एक आपला आपण. कागदावर हे फार चांगलं आहे आणि बऱ्यापैकी खरंही आहे. पण ज्याला मास्तर लागत नाही तो पोरगा दिवसभर मास्तराशी बोलत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

चार वर्षांमागे एका प्रशिक्षणात ऐकून एक प्रयोग केला. महिनाअखेरीला हजेरीपट काढून बसलो. प्रत्येक नावापुढं एकच प्रश्न: या महिन्यात मी याच्याशी अभ्यास आणि शिस्त सोडून काही बोललो का? बोललो असेन तर टिंब. एकतीस पोरं होती. अकरा नावं कोरी. मी स्वतःला मायाळू समजणारा माणूस! हुशार पोरं लक्षात राहतात, द्वाड तर राहतातच. मधली पोरं 'हजर सर'पुरती. त्या अकरांत एक मुलगी होती, तिसरीतली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिच्याशेजारी बसलो, तर ती मला पावसाळ्यात अळंबी कुठल्या वारुळावर येतात ते सांगायला लागली. कुठली खायची, कुठली नाही, पहिली दिसली की काय करायचं. वीस मिनिटं. दोन वर्षांत तिचा आवाज मी एवढा ऐकला नव्हता.

तेव्हापासून सकाळी दारात उभा राहतो. पावसात पोरं खोळ पांघरून येतात, ती उतरवून खुंटीला लावायला मदत करतो आणि नावानं हाक मारतो. दुसरं काही नाही. यात कुणाचा पैसा लागत नाही म्हणून याचा अहवालही कुणी मागत नाही.

आता जे बोचतं ते. माझी बदली होणार, उद्या नाहीतर परवा. शेजारच्या शाळेत तर दरवर्षी नवे अतिथी शिक्षक, मानधनावर, पोरांची नावं पाठ होईपर्यंत वर्ष संपतं. मग पोरांच्या बाजूनं बघा, शाळेत टिकणारं मोठं माणूस कोण? आमच्याकडे बिसी ऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, रांधणाऱ्या बाई. गावातल्याच. बारा वर्षं त्याच चुलीपाशी. कोण आज अर्धंच जेवला, कोण धाकट्या भावासाठी भात रुमालात बांधून नेतो, कुणाच्या घरी काल रात्री भांडण झालं, सगळं त्यांना माहीत. मी आता दर शनिवारी त्यांच्याकडं जाऊन बसतो आणि विचारतो, बाई, या आठवड्यात कुणाकडं बघू? एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या बैठकीत मी म्हटलं की बाईंना बैठकीला बोलवा. तेव्हा एक सदस्य म्हणाले, "त्या काय सांगणार?" बोलावलं. सगळ्यात जास्त त्याच बोलल्या.

कंग्राळीची_लेक

सर, अकरा कोरी नावं वाचून मी इथं ऑफिसात गप्प बसले. आमच्या घरात तर एकच पोर आहे आणि त्याच्या बाबतीत तरी मी दर महिन्याला टिंब देऊ शकेन का? अभ्यास, डबा, आंघोळ, मोबाईल ठेव. एवढंच बोलणं.

तंबाखू_चौक

निपाणीहून. हा धागा चार दिवस वाचूलोय, लिहावं का नको करत होतो.

माझी आई विडी कामगार. सकाळी पानं भिजवायची, दुपारी पत्र्याच्या साच्यावर कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन रात्री दहापर्यंत वळत बसायची. मजुरी हजारावर. हजार भरायच्या तर घरातली सगळी बोटं लागतात. मी दुसरीत असल्यापासून विड्यांची तोंडं मुडपायचो, नखानं. जो हिशोब घ्यायचा तो छाट काढायचा, ह्या वाकड्या, ह्या सैल, आणि त्या तशाच ठेवून घ्यायचा. त्या दिवशी आई आम्हाला मारायची. आता कळतं का मारायची. तेव्हा नव्हतं कळलं.

तर सात प्रश्न. मनातलं बोलता यायचं का? आमच्यात मनातलं असं काही असतं हेच माहीत नव्हतं. मी प्रामाणिकपणे मोजले, दोन 'हो' आले. @शहापूर_गल्ली, आपल्या संस्कृतीनं कधीच सोडवलंय म्हणू नका. गल्लीच्या गणपतीला वर्गणी दिली नाही म्हणून माझ्या बापाला आरतीत मागं उभं केलेलं मी बघितलंय. सणाची मजा ही पण खिशावर होती.

खरं त्या दोनांतला एक सांगतो. आमच्या समोर एक मावशी राहायच्या, एकट्या. त्यांच्या घरात तंबाखू नव्हता, म्हणून खोकला यायचा नाही. दहावीच्या वर्षी त्यांनी सोप्याचा एक कोपरा मला दिला. दिवा, पाट, पाण्याचा तांब्या. त्यांना लिहायवाचाय येत नव्हतं. मी वाचत बसायचो, त्या वाती वळत बसायच्या. कधी विचारलं नाही की किती झालं, काय आलं. रात्री अकराला म्हणायच्या, "जा आता, आई वाट बघत असंल." वर्षभर हेच एक वाक्य. आज बँकेत आहे. दहावीला किती पडले ते त्यांना सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "बरं झालं. पाट आता मला लागतोय."

मास्तर, तुमच्या बिसी ऊटच्या बाई आणि आमच्या मावशी एकाच मातीच्या.

शहापूर_गल्ली

तंबाखू_चौक, वर्गणीचं वाचून लाज वाटली. आमच्या मंडळात काय होतं ते विचारून बघतो. फुशारकी मारली, मागं घेतो.

अंगणवाडी_ताई

सगळं वाचलं, डोळे भरले. पण एक कडू बोलते, राग मानू नका.

"परकी मोठी माणसं जीव लावतात" हे ऐकून माझ्यासारखीला आधी भीतीच वाटते. मी जे बघितलंय त्यात त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच होता. मायाळूच होता. खाऊ देणाराच होता. म्हणून धागाकर्तीच्या पोटात गोळा आला तो चुकीचा नव्हता. फरक कसा ओळखायचा? मी आयांना सांगते ते असं: जिथं बसणं उघड्यावर आहे, दार उघडं आहे, जो इतर मुलांशीही तसाच वागतो, जो "आईला सांगू नको" कधी म्हणत नाही, तिथं पोराला जाऊ द्या आणि तुम्हीही अधूनमधून जाऊन बसा. जो एकांत शोधतो किंवा गुपित ठेवायला लावतो, तिथं ताबडतोब थांबवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळलं असून गप्प बसणं हाही गुन्हा आहे, मग तो घरातला असो की शाळेतला.

आणि घरात दारू असेल, मार असेल, तर त्या सात प्रश्नांतला शेवटचा आधी. सुरक्षित वाटणं. तो नसेल तर किल्ला काय आणि लेझीम काय.

मास्तर_खानापूर

ताई, एकदम बरोबर. शाळेतल्या मारालाही हेच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं अंगावर हात टाकणं आणि मनाला लागेल असा छळ, दोन्ही बंद. पहिलं बऱ्यापैकी थांबलंय. दुसरं कोण मोजतंय? "तुझ्या बापानं कधी पुस्तक धरलंय का" असं मी स्वतः तरुणपणी एकाला म्हटलंय. तो आता टेम्पो चालवतो, भेटला की नमस्कार करतो, आणि मला ते वाक्य दरवेळी ऐकू येतं.

आकडेमोड

'घरी मनातलं बोलता यायचं का' यावर कुणीच काही लिहीना. मला तो सगळ्यात अवघड वाटतो. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात, रिक्षात कन्नड, घरी मराठी. तिला काहीही झालं तरी एकच शब्द: 'बोअर'. मैत्रीण बोलली नाही, बोअर. पाय मुरगळला, बोअर. आजी गेली तेव्हाही आधी 'मला बोअर होतंय'च म्हणाली, आणि मी रागावलो. दोन दिवसांनी कळलं, तिच्याकडं दुसरा शब्दच नव्हता.

मळेकरीण

अहो, मराठीत केवढे आहेत! रुसणं, फुगणं, हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, कानकोंडं होणं, धसका घेणं, हुरहूर, चुटपुट. माझी आजी नुसतं तोंड बघून म्हणायची, "खट्टू का झालंय लेकरू?" आणि शब्द मिळाला की रडू यायचं आणि मोकळं वाटायचं. आता आपणच म्हणतो, "मूड ऑफ आहे का?"

बैलहोंगलची_लेक

मी कन्नड घरातली, लग्नानंतर मराठी गावात. माझं मराठी लिहिणं चुकलं तर सांभाळून घ्या.

धागाकर्तीच्या कंडक्टरवरून लिहावंसं वाटलं. माझी सासू मराठी, मी कन्नड. माझा लेक हसला की मराठीत आणि चिडला की कन्नडमध्ये. आम्ही दोघींनी ठरवलंय, ज्या भाषेत रडेल त्या भाषेत जवळ घ्यायचं. सासूबाई आता "अळबेड, अळबेड" म्हणतात, अर्थ 'रडू नको', आणि लेक तिला हसतो आणि रडणं विसरतो.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. वर्षातून एकदा मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा घ्यायची असते. पहिल्या वर्षी काय झालं, मोठे लोक खुर्चीवर, मुलं सतरंजीवर, पाऊण तास भाषण, मग बिस्कीट. एक आठवीतली मुलगी उभी राहिली, मराठीत बोलायला लागली. मंचावरून कुणीतरी म्हणालं, "कन्नडदल्ली हेळम्मा", म्हणजे कन्नडमध्ये सांग. ती खाली बसली. मला माझंच लहानपण आठवलं, उलटं. माझ्या वर्गात मराठी मुली माझ्या उच्चाराला हसायच्या. मी उठले, तिच्याजवळ गेले, म्हटलं, तू मराठीत सांग, मी कन्नडमध्ये सांगते. तिनं मागितलं काय? बस थांब्यापासून वाडीपर्यंत एक दिवा. ट्यूशनहून येताना अंधार असतो, म्हणून आई ट्यूशन बंद करणार होती. दिवा लागायला पाच महिने लागले. लागला. आता ती कॉलेजला आहे आणि त्या खांबाला आमच्याकडं तिच्या नावानं ओळखतात.

'मी इथलाच' असं वाटणं म्हणजे मला वाटतं हे. मोठ्यांचं सीमेचं भांडण १९५६पासून चालू आहे, कोर्टात २००४पासून आहे, ते मोठ्यांनी बघावं. त्या मुलीला दिवा पाहिजे होता.

तंबाखू_चौक

अक्का, नमस्कार करतो तुम्हाला.

मास्तर_खानापूर

सदस्यबाई, एक विचारतो. पंचायतीच्या ग्रंथालयाचं काय चाललंय तुमच्याकडं? २०१९ला ती पंचायत खात्याकडं आली, २०२०च्या नोव्हेंबरात 'ओदुव बेळकु' म्हणून मुलांना फुकट सभासद करून घ्यायचं सुरू झालं. आमच्या पोरांची नावं मी नेऊन दिली. पण मराठी पुस्तकं बोटावर मोजण्याइतकी.

बैलहोंगलची_लेक

तसंच आहे सर. आमच्याकडं दोन कपाटं, एक कन्नड, एक कुलूपबंद. कुलूपबंद का, कुणाला माहीत नाही.

पुण्यातला_बेळगावकर

पुस्तकं मी पाठवू शकतो. ॲपचं विसरा. वयोगट सांगा.

मळेकरीण

आता कसं बोललात! सहा ते बारा. चित्रांची जास्त. देव्हाऱ्यात ठेवायची नाहीत, फाटणार आहेत असं धरून पाठवा.

कंग्राळीची_लेक

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. खूप जणांनी विचारलं, दुकानातल्या अज्जांचं काय झालं.

अंगणवाडी_ताईंचं वाचून दुसऱ्याच दिवशी गेले. सामान न घेता नुसती उभी राहिले, ते त्यांना विचित्रच वाटलं. बाहेर कट्टा आहे, रस्त्याला लागून, सगळी गल्ली दिसते. पोरगा शाळेतून आला की तिथं दहा-पंधरा मिनिटं बसतो, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं शाळा उशिरा सुटते. मी विचारलं, "अज्जा, हा तुमच्याशी काय बोलतो?" ते शेंगा निवडत होते. म्हणाले, "मला कमी ऐकू येतं बघ. तो बोलतो, मी निवडतो."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. माझ्या पोराला ऐकून घेणारं माणूस सापडलं होतं ते कमी ऐकू येणारं. आता मीही संध्याकाळी मेथी निवडायला घेते. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. पहिले चार दिवस काही बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "आई, मी खट्टू आहे." (@मळेकरीण, तुमचा शब्द मी मुद्दाम पेरला होता.) वर्गात कबड्डीला त्याला कुणी घेत नाही, हे जूनपासून चाललंय. जूनपासून!

बाबांचं नाव अजून चिठ्ठीवर नाही, पण रविवारी दोघं सायकल धुतात.

दुसरी बातमी. बैलहोंगलची_लेक आणि मी फोनवर बोललो. त्यांच्या पंचायतीतलं कुलूपबंद कपाट उघडलं. आत जुने टंकलेखनाचे कागद आणि एक मेलेली पाल. आता तिथं पुण्याहून आलेली पुस्तकं आहेत आणि पलीकडच्या कपाटात कन्नड. रविवारी सकाळी दोन तास, दारं सताड उघडी, दोन मोठी माणसं कायम हजर. पहिल्या रविवारी तीन पोरं आली, त्यांतलं एक माझंच. आम्ही "या, वाचा" म्हणून बसलो आणि ती खिडकीतून बाहेर बघत बसली. दुसऱ्या रविवारी त्यांनाच विचारलं, काय करूया? मुलगे म्हणाले चिन्नी-दांडू, म्हणजे विटी-दांडू. मुली म्हणाल्या गजगे, म्हणजे सागरगोटे. म्हटलं, चला. खेळून दमल्यावर सतरा पोरं आत आली, पंख्याखाली आडवी झाली आणि त्यांतल्या नऊ जणांनी आपणहून पुस्तक ओढलं. एका मुलीनं कन्नड पुस्तक उलटं धरून चित्रांवरून मराठीत गोष्ट सांगितली. खरी काय होती देव जाणे, ही जास्त चांगली असणार.

आकडेमोड

सतरापैकी नऊ. नमुना लहान आहे, पण मी काही बोलत नाही. :-)

शहापूर_गल्ली

मंडळात विचारलं. वर्गणी न देणाऱ्यांची यादी फलकावर लावायची पद्धत होती, ती यंदा नाही. दोघंतिघं नाराज आहेत. होऊ देत. चिन्नी-दांडूची बॅट करून देणारा सुतार आमच्या गल्लीत आहे, किती पाहिजेत?

मास्तर_खानापूर

बॅट म्हणू नका हो, दांडू!

अंगणवाडी_ताई

चिन्नी डोळ्याला लागते, लहान पोरांना लांब उभं करा. गजगे बरे.

कंग्राळीची_लेक

दांडू सहा, चिन्न्या बारा, त्या हरवतात. गजगे मात्र बाजारात मिळेनात. दोन दुकानं पालथी घातली, म्हणतात आता कोण घेतंय. तोवर मुली खड्यांवर खेळतात, पण ते हातातून निसटतात.

मास्तर_खानापूर

गजग्याची काटेरी वेल आमच्या शाळेच्या मागं कुंपणाला आहे. ती अळंबीवाली मुलगी आता सातवीत, तिला विचारलं. म्हणाली, शेंगा तडकल्यात, शंभर तरी निघतील, पण काढायला कोयती द्या आणि मोजायला मीच येणार. रविवारच्या सकाळच्या बसनं तिला घेऊन येतो.